सायकलीची रपेट

सायकल ही आपल्या घरांत प्रथम आली ती गरज म्हणून. पोस्टमन, दूधवाला, गिरणींतला कामगार, शाळामास्तर यांचें तें वाहन. तिला कोणीं पायगाडी म्हटलें, कोणीं दुचाकी म्हटलें. पण लोकांच्या तोंडीं इंग्रजी शब्दच बसला आणि तो आतां आपलाच झाला आहे. पुढें स्कूटर आली, मोटारसायकल आली, आणि ज्याला परवडलें त्यानें सायकल माळ्यावर टाकली. तीच सायकल अलीकडे सुखवस्तु घरांत पुन्हां माळ्यावरून खालीं उतरली आहे. मात्र या वेळीं ती हौस म्हणून. ज्यांना कोठेंहि जावयाचें नाहीं असे डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि व्यापारी रविवारीं पहांटे तीस-चाळीस किलोमीटर जातात आणि जेथून निघाले तेथेंच परत येतात. शेजाऱ्यांना याचें हंसूं येतें. परंतु या हौसेंत बरेंचसें शास्त्र आहे आणि थोडा धोकाहि आहे.

उदाहरणासाठीं नगर घेऊं. शहराचें व जिल्ह्याचें अधिकृत नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. तें समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर, मोकळ्या पठारावर वसलेलें आहे. पुणें, मनमाड, छत्रपति संभाजीनगर, पाथर्डी, जामखेड, सोलापूर, दौंड अशा सर्व दिशांना येथून रस्ते फुटतात. त्यांपैकीं पाथर्डीच्या रस्त्यानें भिंगार ओलांडून सुमारें १३ किलोमीटर गेलें कीं डोंगरावर एक अष्टकोनी तिमजली इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती निजामशाहींतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. डोंगराचा माथा शहराहून अडीचशें मीटरांपेक्षां अधिक उंच आहे. तेवढ्या चढावर सायकलीचें सगळें यंत्रशास्त्र आणि शरीरशास्त्र शिकतां येतें.

प्रथम दांत्यांचा हिशेब पाहूं. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढें बहुधा ४४ दांत्यांचें चक्र असे आणि मागें १८ दांत्यांचें फ्रीव्हील. म्हणजे पॅडल एकदां पुरें फिरलें कीं मागचें चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें आणि सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाट रस्त्यावर हें प्रमाण उत्तम. आतां शंभर मीटरांत पांच मीटर चढणारा रस्ता घ्या. तेथें साधारण माणूस ताशीं आठ किलोमीटरांनीं चढेल. त्या वेगाला या सायकलीचीं पॅडलें मिनिटाला अवघीं पंचवीस वेळां फिरतात. एवढ्या मंद गतीनें फिरवावयाचें म्हणजे प्रत्येक वेळीं सारा देह पॅडलवर लोटावा लागतो. गुडघे कुरकुरूं लागतात आणि शेवटीं माणूस खालीं उतरून सायकल ढकलूं लागतो. याउलट पुढें ३४ आणि मागेंहि ३४ दांते असतील तर एका फेऱ्यांत सायकल दोन मीटरांहून थोडीच अधिक जाते, पॅडलें मिनिटाला साठांहून अधिक वेळां फिरतात, आणि प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर आधींच्या दोन पंचमांशांवर येतो. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं काम एकंदरीनें तेवढेंच झालें. गिअर माणसाला ताकद देत नाहीं. असलेली ताकद बंद्या रुपयाऐवजीं सुट्या पैशांनीं खर्च करूं देतो.

गिअर म्हणजे एक प्रकारची लबाडी, असें मानणारे लोक अजून भेटतात. त्यांना मोठी परंपरा आहे. फ्रान्सच्या प्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यतींत सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारें यंत्र १९३७ पर्यंत चालविलें जात नव्हतें. त्याहून मागें गेलें तर पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलें असे. तेव्हां वेग हवा तर चाकच मोठें करावें लागे, आणि किती मोठें, तें स्वाराच्या पायांच्या लांबीवर ठरे. सांखळीनें हा प्रश्न सोडविला. १८८५ मध्यें स्टार्ली याची सारख्या चाकांची सायकल आली, १८८८ मध्यें डनलॉप यानें हवेचा टायर आणला, आणि तेथून आपली ओळखीची सायकल सुरू झाली.

आतां शरीराकडे वळूं. ८५ किलो वजन, म्हणजे स्वार व सायकल मिळून, अडीचशें मीटर उंच नेण्यास देहाला खर्च येतो तो सव्वादोनशें किलोकॅलरींच्या आसपास. दोन मध्यम भाकऱ्यांहून अधिक नाहीं. चांदबिबीच्या महालावरून खालीं आल्यावर मिसळीची बशी पुढें ओढणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. वजन उतरविण्याचें साधन म्हणून सायकल तितकीशी जलद नाहीं. तिचा खरा लाभ हृदयाला आणि फुप्फुसांना होतो, व तो गुडघ्यांवर आदळआपट न होतां होतो, कारण देहाचा भार खोगिरावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांसाठीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे किती? चालवितांना सोबत्याशीं पूर्ण वाक्य बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये, इतका. हें माप फुकट आहे आणि मनगटावरच्या महागड्या घड्याळाइतकेंच उपयोगी आहे.

रविवारच्या टोळ्यांत चुकतें तें नेमकें येथें. आठवडाभर खुर्चीवर बसलेला पंचेचाळिशींतला गृहस्थ तिशींतल्या मुलाच्या मागच्या चाकाला चिकटून घाट चढावयास जातो. ज्यांस रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा घराणेशाही इतिहास आहे त्यांनीं आधीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आणि छातींत जडपणा, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ, अवेळीं घाम यांपैकीं कांहीं जाणवतांच तेथेंच उतरून मदत मागवावी. मानापमानाची ती जागा नव्हे.

खोगिराच्या उंचीविषयींहि सांगितलें पाहिजे, कारण बहुतेक लोक तें फार खालीं ठेवतात. खोगिरावर बसून टांच पॅडलवर टेकवावी. पॅडल अगदीं खालीं असतां पाय सरळ व्हावा. मग चवड्यानें चालवितांना गुडघा किंचित् वांकलेला राहतो. पाय जमिनीला लागत नाहींत म्हणून प्रथम भीति वाटते, पण गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी येथेंच मिटतात.

नगरच्या पठारावरचा खरा प्रतिस्पर्धी चढ नव्हे, वारा. सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत त्या उगीच नव्हेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो. ताशीं वीसनें जाणाऱ्यास ताशीं पंधराचा वारा समोरून लागला तर तो विरोध तिपटीचा होतो. पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडचा असतो. त्या दिवसांत चांदबिबीच्या महालाकडे, म्हणजे पूर्वेला जातांना तो पाठीशीं असतो आणि माणूस आपल्या ताकदीवर खूष होतो. परततांना उतार असूनहि पाय ओढावे लागतात. यास्तव आषाढ-श्रावणांत प्रथम पुण्याच्या बाजूस निघावें, वाऱ्याशीं भांडण ताज्या दमांत उरकावें आणि थकल्यावर त्यालाच पाठीशीं घेऊन घरीं यावें.

दुसरा शत्रु बाभळीचा कांटा. येथें दोन जादा ट्यूबा, टायर काढण्याचे चपटे पाने, ठिगळें, सोल्युशन आणि हातपंप यांवांचून शहराबाहेर जाणें म्हणजे परत चालत येण्याची तयारी ठेवणें. नवी ट्यूब घालण्यापूर्वीं टायरच्या आंतून बोटें सावकाश फिरवून कांटा शोधावा. तो तसाच राहिला तर दुसरी ट्यूबहि पांच मिनिटांत बसते. ठिगळ लावतांना ट्यूब कानशीनें खरडावी, सोल्युशन लावून तें कोरडें होईपर्यंत थांबावें, मगच ठिगळ दाबावें. घाईनें ओल्यावर लावलेलें ठिगळ टिकत नाहीं.

आतां धोक्याविषयीं. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं लोणी येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग जिल्हाभर कारखाने झाले. गळिताच्या हंगामांत, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर धांवत असतात. पुष्कळांच्या मागें दिवा नसतो, आणि ऊंस ट्रॉलीबाहेर हातभर आलेला असतो. नेमकी सायकलवाल्यांची आवडती वेळ पहांटेची. अंधारांत उभ्या ट्रॉलीवर आदळणें आणि मागून येणाऱ्या गाडीनें सायकल न दिसणें, हे दोन्हीं प्रकार प्राणावर बेततात. म्हणून थंडींत फटफटीत उजाडल्याशिवाय हमरस्त्यावर जाऊं नये. पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा दिवसांहि चालूं ठेवावा. चमकणारी पट्टी पाठीवर असतेच. तिच्याहून टांचेजवळची पट्टी अधिक कामाची, कारण ती वरखालीं हलते आणि दूरच्या चालकाला हें माणूस आहे हें तत्काळ कळतें. डोक्यावर हेल्मेट हवेंच. दोघांनीं गप्पा मारीत जोडीनें चालविण्याची जागा गांवरस्ता आहे, महामार्ग नव्हे.

एक गोष्ट जातां जातां. शाळेंत रोज सायकलीनें गेलेल्या मुलीची सायकल शिक्षण संपतांच कां सुटते, हा प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारून पाहावा. वरील एकहि हिशेब पुरुषांपुरता नाहीं.

ज्यांची हौस वाढते त्यांच्यासाठीं फ्रेंच पद्धतीच्या लांब रपेटी आहेत. त्यांत पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावयाचे, विश्रांति धरून. शेजारच्या नाशिकचे डॉक्टर महाजन बंधु, हितेंद्र व महेंद्र, यांनीं २०१५ मध्यें दोघांच्या चमूनें अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. व्यवसाय सांभाळून केलेली ही गोष्ट आहे, हें विशेष.

पण मला विचाराल तर नंबर नको आणि घड्याळहि नको. अकोले तालुक्यांत जावें. नगरला वर्षाला पाऊस पांचसहाशें मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्याच जिल्ह्यांत घाटघरला कित्येक हजार मिलिमीटर. १९२६ मध्यें पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणामागें जो जलाशय पसरला आहे त्याच्याभोंवतीं शेंडी, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा रस्ता फिरतो. एका बाजूस कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर. दुसऱ्या बाजूस रतनगड. आणि रतनवाडीस अमृतेश्वराचें जुनें देऊळ. ऑक्टोबरांत पाऊस उघडल्यावर जावें. वाटेंत दुकानें थोडीं आहेत, तेव्हां पाणी आणि शिदोरी शेंडीसच बांधून घ्यावी, ब्रेकचीं रबरें तेथेंच पाहून घ्यावीं, आणि दुपार कलण्यापूर्वीं रतनवाडी सोडावी.