ओटीतली खारीक, कॅम्पातली सनद

2 मे 2025 रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर बंदी घातली. थेट येणारा असो की तिसऱ्या देशातून वळसा घालून येणारा, काहीच नको, असा तो हुकूम होता. पहलगामच्या हल्ल्याला तेव्हा दहा दिवस झाले होते. पुढच्या महिन्यात न्हावा-शेवा बंदरात महसूल गुप्तचर खात्याने 39 कंटेनर अडवले. सुमारे 1,115 टन माल होता, कागदावर दुबईचा आणि मुळात पाकिस्तानचा. त्यात खारीक होती.

खारीक म्हणजे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली, ओटीत हळकुंड-सुपारीबरोबर पडणारी. ती येते कुठून, हा प्रश्न आपल्या घरात कोणाला पडत नाही. सिंधमधला खैरपूर जिल्हा हे तिचं मोठं माहेर. अंबरनाथ-बदलापूरकडच्या बायका लग्नसराईत ‘कॅम्पात जाऊन येते’ म्हणून उल्हासनगरला निघतात आणि सुक्या मेव्याच्या दुकानात सिंधी दुकानदाराशी, म्हणजे साईंशी, घासाघीस करून खारीक घेऊन येतात. सिंधचं फळ सिंध सुटलेल्या माणसाच्या हातून मराठी सुनेच्या ओटीत पडतं. या वाटेवर सरकारांनी कितीदा फाटक लावलं आणि कितीदा उघडलं, याचा हिशेब मांडायला उल्हासनगरइतकी सोयीची जागा नाही. हे गावच मुळात सरकारी धोरणाचं अपत्य आहे, आणि अंबरनाथला राहणाऱ्या आम्हा शेजाऱ्यांना ते एक-दोन स्टेशनांच्या अंतरावरून बघायला मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराने छावणी बांधली. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील एवढी तिची ऐसपैस आखणी होती. 2,126 बराकी. बहुतेक बराकींत मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, फौज गेली, माळ पुन्हा ओसाड झाला. मग कराचीहून बोटी मुंबईच्या धक्क्याला लागू लागल्या. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल झाल्यावर तर ज्यांनी तिथेच राहायचं ठरवलं होतं त्यांनीही गाठोडी बांधली. त्यातले लाखभर लोक या बराकींत आणून ठेवले गेले. हॉलमध्ये साड्या, चादरी, गोणपाट टांगून एकेका कुटुंबाची हद्द ठरली.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात याहूनही चमत्कारिक प्रकार झाला. तिथे 1943 पासून पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहत होते. 1948 पर्यंत ते पांगले आणि त्यांच्या बराकींत सिंधी आले. आज आपण कापड घ्यायला ज्या गांधीनगरला जातो, ते हेच. युरोपातल्या युद्धासाठी उभारलेलं छप्पर फाळणीच्या माणसांना पुरलं. सरकारने त्यात वेगळी योजना आखली होती असं मला वाटत नाही. जे रिकामं होतं ते दिलं.

पंजाबच्या निर्वासितांची गोष्ट वेगळी होती. पंजाबचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडून मुसलमान गेले, त्यांची शेतं आणि घरं रिकामी झाली, ती पश्चिमेकडून आलेल्यांना वाटता आली. सिंध अख्खा तिकडे राहिला. इकडे सिंध्यांसाठी ना गाव मोकळं झालं होतं, ना भाषेचा प्रांत होता. शिकारपूरच्या सावकाराला आणि हैदराबाद-सिंधच्या व्यापाऱ्याला ठाणे जिल्ह्याच्या माळावर नव्याने दुकान मांडायचं होतं, तेही अशा मुलखात जिथे त्याची भाषा कोणाला कळत नव्हती.

दिल्लीत सप्टेंबर 1947 मध्येच मदत आणि पुनर्वसनाचं वेगळं मंत्रालय निघालं होतं. क्षितीशचंद्र नियोगी त्याचे पहिले मंत्री. पुढे हे खातं सांभाळणारे मेहरचंद खन्ना स्वतःच पेशावरहून आलेले. धोरणाचा कणा साधा होता: फुकट धान्य फार दिवस द्यायचं नाही, माणसाला लवकर धंद्याला लावायचं. त्यासाठी 1948 मध्ये कायदा करून निर्वासित व्यापाऱ्यांना कर्ज देणारी संस्था काढली गेली. ‘शरणार्थी’ म्हटलं की कॅम्पातली जुनी माणसं चिडायची. आम्ही पुरुषार्थी, असं सुनवायची. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पापड लाटले गेले, लोणची घातली गेली, गोळ्या-बिस्किटं लोकलच्या डब्यात विकली गेली. आमच्याकडच्या मराठी घरांत सिंधी पापड रुळला तो या काळात, आणि त्यांच्या धंद्याला आम्ही नाकं मुरडली तीही याच काळात.

8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी इथे आले आणि त्यांनी नव्या वसाहतीची पायाभरणी केली. उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. सहा आठवडेही झाले नसतील, इंग्लंडने पौंडाची किंमत उतरवली. त्यामागोमाग भारताने रुपया 30.5 टक्क्यांनी खाली आणला. पाकिस्तानने आपला रुपया तसाच ठेवला. नवा दर भारताला मान्य नव्हता, आणि दोन देशांमधला व्यापार जवळजवळ ठप्प झाला. तिकडे ताग पडून राहिला, इकडून कोळसा जायचा थांबला. दोन वर्षांपूर्वी ज्यांची एकच बाजारपेठ होती, त्यांच्यातली ही पहिली आर्थिक लढाई. फेब्रुवारी 1951 मध्ये भारताने पाकिस्तानचा दर मान्य केला तेव्हा ती मिटली.

ताग आणि कोळशाशी बराकीतल्या माणसाचा काय संबंध, असं वाटेल. पण जानेवारी 1949 मध्ये कराचीत दोन्ही सरकारांचा एक करार झाला होता. शहरातली मागे राहिलेली घरं मालकांनी विकावीत किंवा अदलाबदल करावीत, अशी त्यात मुभा होती. अनेकांनी त्यावर आशा ठेवली होती. करार तडीस गेला नाही. दोन सरकारं जेव्हा कोळशावरून अडून बसतात, तेव्हा हैदराबादेतल्या दुमजली घराची विक्री कोण करून देणार? व्यापारबंदी जाहीर होते मालावर. या गावाच्या दृष्टीने पलीकडे नुसता माल नव्हता, कुलूप लावून आलेलं घर होतं.

मग सुरू झालं ते ‘क्लेम’चं प्रकरण. हा शब्द कॅम्पात आजही सिंधी शब्दासारखाच वापरला जातो. 1950 च्या कायद्याने, मागे काय सोडलं त्याचे दावे मागवले: मोहल्ला कोणता, खोल्या किती, विटांचं की मातीचं, पुरावा काय. दस्तऐवज घेऊन पळालेले थोडे, दागिने घेऊन पळालेले जास्त. शेजाऱ्याच्या साक्षीवर खोल्या मोजल्या गेल्या, काही फुगल्याही असतील. तपासणीनंतर 1954 मध्ये नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा मोठा कायदा झाला. निघून गेलेल्या मुसलमानांची मालमत्ता, सरकारने बांधलेली घरं आणि रोख रक्कम असा एक साठा केला गेला आणि त्यातून भरपाई दिली गेली. दावा जितका मोठा, तितकं भरपाईचं प्रमाण कमी, असं कोष्टक होतं. हवेलीवाल्याला ते अन्यायाचं वाटलं, पण वाटायला होतं तेवढ्यात सरकार आणखी काय करणार होतं? माझ्या मते स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या कारभारातला हा सगळ्यात विचारपूर्वक केलेला भाग. ज्याचा क्लेम मंजूर झाला, त्याच्या खोलीची किंमत त्यातून वळती झाली. ज्याचा नव्हता, त्याने हप्ते भरले. आणि शेवटी हातात पडायची सनद.

सनदेकडे पुन्हा येतोच. आधी बाजाराचं बोलू.

पन्नासच्या दशकात परकीय चलनाची चणचण झाली, 1957 च्या सुमारास तर फारच. आयात परवान्याशिवाय घड्याळ, फाउंटन पेन, सौंदर्यप्रसाधनं काहीच आणता येईना. जे दाराबाहेर राहिलं ते कॅम्पातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होऊ लागलं. ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही शंभरदा ऐकला असेल. तो सांगताना आपण सिंध्याला हसतो. ती वस्तू कौतुकाने घेणाऱ्या आपल्या घराला हसत नाही, आणि ती मागणी तयार करणाऱ्या परवाना पद्धतीला तर मुळीच नाही. नकली शिक्का मारणं ही फसवणूकच होती, तिला गोड नाव द्यायचं कारण नाही. पण त्याच शेडमध्ये नक्कल करता करता साचे घडवायला, कापड बेतायला, यंत्र उघडून पुन्हा जोडायला शिकलेल्या कारागिरांची पिढी तयार झाली.

परदेशी मालाला दार लावून देशात कारखाना उभा करण्याचं तंत्र आमच्या अंबरनाथला काही नवं नव्हतं. 1922 मध्ये इंग्रज सरकारने आयात काडेपेट्यांवरची जकात ग्रोसला दीड रुपया केली. महसूल वाढावा एवढाच हेतू. स्वीडिश कंपनीने हिशेब केला आणि जकातीच्या आत येऊन कारखाना काढला. तोच विमको. अंबरनाथची कित्येक कुटुंबं त्या भोंग्यावर उठली आणि जेवली.

पुढे 1965 चं युद्ध झालं आणि भारत-पाकिस्तान व्यापार नऊ वर्षं बंद राहिला. राजस्थानातून सिंधमध्ये जाणारा मुनाबाव-खोखरापारचा रेल्वेमार्गही तुटला. सिंधकडे जाणारी जमिनीवरची ही जवळची वाट. व्यापार 1974 च्या करारानंतर सुरू झाला. रेल्वे मात्र थार एक्स्प्रेसच्या रूपाने थेट फेब्रुवारी 2006 मध्ये धावली आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा थांबली. मधल्या साडेतेरा वर्षांत जन्मगाव बघून आलेली माणसं कॅम्पात भेटायची. त्यांच्या बोलण्यात बहुधा घर नसायचं, घराच्या जागी काय आहे ते असायचं.

निर्बंध नेहमी आपणच लावतो असंही नाही. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर निर्बंध घातले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिने भारतीय संस्थांची लांबलचक यादी काढली: मुख्य चाळीस आणि त्यांच्या हाताखालच्या दोनशेवर. त्यांना अमेरिकी तंत्रसामग्री परवान्याशिवाय विकायची नाही. अणुऊर्जा आणि अवकाश संस्थांच्या जोडीला डीआरडीओ आणि संरक्षण उत्पादनाचे कारखानेही त्या यादीत होते. अंबरनाथ हे आयुध निर्माणीचं गाव. 1953 पासून इथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. देशाला लागणारी यंत्रं देशात घडवायला काढलेली. दुसऱ्याने दार लावलं की काय करायचं, हे अशा गावाला निराळं शिकवावं लागत नाही. सप्टेंबर 2001 मध्ये, न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर पंधरवड्यातच, अमेरिकेने बहुतेक निर्बंध उठवले. तिला आता अफगाणिस्तानच्या लढाईत मित्र हवे होते. डीआरडीओचं नाव यादीतून निघायला मात्र 2011 उजाडलं.

त्याच 2001 मध्ये आणखी एक दार उघडलं, ते कॅम्पावर जास्त आदळलं. आयातीवरच्या आपल्या संख्यात्मक बंधनांविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. 1999 मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला आणि 1 एप्रिल 2001 रोजी उरलेल्या 715 वस्तूंवरची बंधनं उठली. म्हणजे खऱ्या यूएसएने खटला जिंकला आणि उल्हासनगरच्या यूएसएचं दुकान बसलं. चिनी माल आला. नक्कल करण्यापेक्षा तो मागवणं स्वस्त पडू लागलं. कॅम्प पाचकडची जीन्स मात्र तगली, इतकी की तिच्या रंगाने वालधुनी नदीचं पाणी रंगलं, आणि शेवटी न्यायालयांनी धुलाईचे कारखाने बंद करायला लावले.

आता सनद. बराकी पाडून लोकांनी घरं चढवली, घरांच्या इमारती झाल्या. ज्या जमिनीवर चढवली ती कोणाच्या नावावर आहे, हे अर्ध्या वेळा कागदावर नीट नव्हतं. सनद मिळाली ती तेवढ्या खोलीची, पुढच्या अंगणाची आणि मागच्या बोळाची नाही. कुठे सनद आजोबांच्या नावावर, कुठे मोजणीच झालेली नाही, कुठे सनदच बनावट. कागद नाही म्हणून बांधकामाला परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून रीतसर अभियंताही नाही. 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 855 बेकायदा इमारती पाडायला सांगितलं. हजारो कुटुंबं पुन्हा बेघर होणार, या धास्तीने राज्य सरकारने 2006 मध्ये फक्त या एका शहरासाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. दंड भरून रीतसर झालेल्या इमारती थोड्याच. मे 2021 मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब वरपासून खालपर्यंत कोसळले आणि माणसं गेली. नव्वदच्या दशकात घाईघाईत, वालवा नावाच्या कच्च्या रेतीत बांधलेल्या अशा इमारती शहरभर उभ्या आहेत. त्यांचा पुनर्विकास करायचा तर पहिला प्रश्न तोच: सनद आहे का?

दरम्यान 2005 मध्ये संसदेने निर्वासितांचे ते सगळे जुने कायदे, 1954 चाही, रद्द केले. काम संपलं, असं धरून. त्याच कामाची सनद मागायला कॅम्पातला माणूस आजही प्रांत कार्यालयात जातो.

आणि फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर 200 टक्के जकात बसली, तेव्हापासून खारीक दुबई फिरून येऊ लागली होती. मे 2025 नंतर तीही वाट बुजली. या लग्नसराईत अंबरनाथच्या स्टेशनाबाहेर ओटीचं सामान विकणारी बाई पाच खारका मोजून पुडीत घालत होती. कुठली, विचारलं तर म्हणाली, ‘कॅम्पातनं आणलीय.’