टेबलावरचा समुद्र – भाग 4 : चिकूच्या बियांची विमाने

मागच्या भागात आपण 4 डिसेंबर 1971ची कराचीची रात्र खेळलो. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका, समोर बंदर आणि डोक्यावर मोकळे आकाश. म्हणून तो डाव सोपा गेला. त्याच दिवशी सकाळी, देशाच्या दुसऱ्या बाजूला बंगालच्या उपसागरात, विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर हल्ला केला होता. हा डाव मांडायला बसलो की नवख्याची गाडी अडते, कारण आता नियमांत विमाने येतात.

पहिली अडचण आकाराची. जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी 1:2400 हे प्रमाण बरेच वापरात आहे. त्यात 213 मीटरची विक्रांत नऊ सेंटीमीटरला थोडी कमी भरते आणि बारा मीटरचे सी हॉक जेमतेम पाच मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढे. अंतरालाही तेच प्रमाण लावले, तर शंभर किलोमीटरवरचे लक्ष्य 42 मीटर लांब जाते. आमच्या सायवनला ओट्यावर डाव मांडला तर ते अंगण ओलांडून थेट सागाच्या झाडांत पोचेल. म्हणून नियमावली हातात घेतल्यावर आधी एवढे बघा : जहाजाचे प्रमाण आणि अंतराचे प्रमाण वेगवेगळे ठेवायची मुभा ती देते का? देत नसेल तर सुरुवातीला तरी तिच्या वाटेला जाऊ नका.

दुसरे, विमाने तुकडीने मोजणारे नियम घ्या. लॅरी बाँड यांचा 1980चा 'हार्पून' हा अभ्यासपूर्ण खेळ आहे, मला तो फार आवडतो, पण पहिल्याच महिन्यात तो घेऊन बसलात तर तक्ते चाळण्यातच संध्याकाळ जाईल. आम्ही एका तुकडीला, म्हणजे चार विमानांना, चिकूची एक बी ठेवतो. डहाणू तालुक्यात तिला काय तोटा! काळी, चकचकीत, चपटी, कडेला पांढरी रेघ आणि एका टोकाला बारीक आकडी. आकडी नेहमी मागे ठेवायची. सी हॉकच्या शेपटीखालीही डेकवरच्या तारेत अडकायला आकडा असे, त्यामुळे पोरांना हे एकदाच सांगावे लागते.

विमानविरोधी तोफांसाठी तुकडीमागे एकच फासा पुरे. एक-दोन पडले तर तुकडी माघारी वळते, सहा पडला तर ती गेली. मात्र हे डावाआधी ठरवा आणि नंतर हात लावू नका. मिडवेच्या लढाईआधी, मे 1942 मध्ये, यामातो या युद्धनौकेवर जपानी अधिकाऱ्यांनी ती लढाई टेबलावर खेळून पाहिली. फाशांनी त्यांच्या जहाजांवर नऊ बॉम्ब पाडले, तेव्हा पंच असलेल्या उगाकींनी ते तीनच धरायला लावले, असे जपानी वैमानिक फुचिदांनी युद्धानंतर लिहिले. पुढच्याच महिन्यात खऱ्या समुद्रात त्यांची चार विमानवाहू जहाजे बुडाली.

इंधन, हवामान, बॉम्बचे प्रकार, सगळे सध्या गाळा. एक नियम मात्र गाळू नका, वाऱ्याचा. विमाने सोडताना आणि उतरवताना जहाजाचे तोंड वाऱ्याकडे हवे. डेकवर समोरून जितका वारा मिळेल तितके उड्डाण सोपे, म्हणून जहाज वाऱ्याला सामोरे जाऊन वेग वाढवते. 1971 मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि वेग कमी ठेवावा लागत होता, त्यामुळे जड अलिझे विमाने उडवायला पुरेसा वारा मिळवणे हीच एक लढाई होती. तीस पानांचे तक्ते जे शिकवत नाहीत ते या एका ओळीने कळते.

गेल्या रविवारी सातवीतल्या एका मुलीने दोन बिया कॉक्स बाजारवर पाठवल्या आणि विक्रांत घाईघाईने दक्षिणेला पळवली. वारा आम्ही उत्तरेचा धरला होता. चौथ्या पाळीला बिया परतल्या, तेव्हा जहाजाची पाठ वाऱ्याकडे होती. पाळी संपेपर्यंत तिने जहाज वळवायचा प्रयत्न केला, पण वळण पुरेना. दोन्ही बिया उचलून तिने मुकाट्याने बाजूच्या वाटीत टाकल्या, आणि दुसरा डाव मांडताना खडूने जमिनीवर सगळ्यात आधी वाऱ्याचा बाण काढला.

पुढच्या भागात पाण्याखाली जाऊ. विक्रांतला शोधत विशाखापट्टणमपर्यंत आलेली गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी टेबलावर लपवायची कशी, ते पाहू.