बिअरचा केक विकायचाय? मग "दारू उडून जाते" असं सांगू नका

होम बेकरीच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचं एकच विचारणं होतं: "क्राफ्ट बिअरचा ब्रेड, स्टाउटचा चॉकलेट केक मेनूत ठेवू का?" ठेवा की! पण ग्राहक पहिला प्रश्न काय विचारणार? "यात दारू आहे का हो?"

इथे बरेच जण "भाजताना सगळी उडून जाते" असं सांगून मोकळे होतात. सगळी उडत नाही. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असलं की ते सहजासहजी सुटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे, मिश्रणात घालून अर्धा तास शिजवलं तर 35 टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने 25 टक्के, आणि अडीच तासांनीसुद्धा 5 टक्के.

आता हिशोब करा. 330 मिलीची, 5 टक्के अल्कोहोलची बाटली म्हणजे साडेसोळा मिली अल्कोहोल. लोफ तासभर भाजला तर साधारण 4 मिली उरलं. बारा स्लाइस केले तर एकात जेमतेम पाव ते अर्धा मिली. अगदी थोडं, पण शून्य नाही. कुणी दारू सोडलेली असते, कुणाच्या धर्मात चालत नाही, कुणी गरोदर असतं, कुणाला लहान मुलाच्या वाढदिवसाला केक हवा असतो. खायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. पाकिटावरच्या घटकांमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या मेनूतही "बिअर" हा शब्द स्पष्ट लिहा. आणि हो, फ्रॉस्टिंगमध्ये कच्ची बिअर घातलीत तर ती शिजतच नाही, वरचा हिशोब तिथे लागू नाही.

बिअर कुठली घ्यायची? चॉकलेट केकला स्टाउट, कारण भाजलेल्या माल्टची चव कोकोशी जमते. ब्रेडला व्हीट बिअर. आयपीए टाळा. त्यात हॉप्स जास्त असतात आणि आटवली की कडूपणा आणखी वाढतो. सॉस करताना तर फारच जाणवतं. ब्रेडमध्ये बेकिंग पावडर घालायचीच. बाटलीतल्या बिअरच्या भरवशावर पीठ फुगत नाही. मासे तळायच्या पिठात मात्र बिअर थंडगार, फेसाळ हवी, आणि पीठ कालवलं की लगेच तळायचं. बुडबुड्यांमुळेच ते कुरकुरीत होतं.

आता दराचं बोलू. समजा बाटली 180 रुपयांची आहे आणि केकला 250 मिली लागली. खर्चात 180 च धरा! उरलेले 80 मिली पुढच्या ऑर्डरला लागतीलच असं नाही. लागले तर उत्तम. गॅस गेलेली बिअर केकला चालते, कारण तिथे फुगवायचं काम सोडा करतो.

आणखी एक, महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला आणि जवळ बाळगायला परवाना लागतो. तेव्हा बाटल्यांचा साठा करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या तुमच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा, आणि बिअर खरेदीचं प्रत्येक बिल जपून ठेवा.