चावडीवरची हजेरी

कोल्हापूरहून राधानगरीची वाट धरणारा पाहुणा बहुतेक वेळा दोन गोष्टींसाठी येतो, धरण आणि गवे. भोगावतीवरच्या या धरणात ८.३६ टीएमसी पाणी मावते. जलाशय भरला की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे एकामागून एक आपोआप उघडतात आणि खाली पंचगंगेपर्यंतच्या गावांना सावध राहायला सांगितले जाते. राधानगरी वसवली राजर्षी शाहू महाराजांनी. गावाला त्यांनी कन्या राधाबाईंचे नाव दिले, जलाशयाला राणी लक्ष्मीबाईंचे. धरणाचे काम मात्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, तेव्हा ते अर्धवटच होते.

इतकी माहिती पर्यटकाला कुणीही सांगते. याच राजाने १९१७ ते १९२० या चार वर्षांत केलेले कायदे मात्र धरणाच्या काठावर उभे राहून फारसे कुणी आठवत नाही. व्यक्तीचा हक्क, लोकांची सुरक्षितता आणि समाजाची नीती यांचा मेळ कायद्याने कसा घालावा, हा प्रश्न आजही न्यायालयांना पुरून उरतो. त्याचा अभ्यास करणाऱ्याने करवीर (कोल्हापूर) संस्थानातली ही चार वर्षे आधी वाचावीत.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. भारतीय संविधानाच्या कलम १९ ने भाषणाचे, संघटनेचे, देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्यावर सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता अशा ठरावीक कारणांसाठी ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभाही दिली. कलम २५ मधले धर्मस्वातंत्र्यसुद्धा सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे शेवटी न्यायालय ठरवते.

आता लोकांच्या सुरक्षिततेच्या नावाने लादलेल्या हजेरीकडे वळू.

इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाचे नाव नोंदवहीत चढे. बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी हजर राहायचे, मुक्काम बदलायचा तर आधी कळवायचे. १८७१ च्या कायद्यात तर जाहीरनाम्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही, अशी तरतूद होती. चोरी कुणी केली, कधी केली, पुरावा काय, या कशाचीच गरज उरली नव्हती. लोकांच्या सुरक्षिततेसाठी, एवढे कारण पुरे होते.

गावगाड्यात हजेरी म्हणजे काय, ते आज समजून घ्यायला थोडा प्रयत्न करावा लागतो. ज्याला रोज हजेरी द्यायची, त्याला परगावी मजुरीला जाता येत नाही. बहिणीच्या सासरी लग्न निघाले तर परवानगी हवी. आजारी माणसालाही सुटका नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर आणि संशय खोटा ठरला तरी दुसऱ्या दिवशीची हजेरी ठरलेली. पोट भरायचे मार्ग बंद करायचे आणि पोटासाठी चोरी झाली की जात बदनाम करायची, असा हा फास होता. यातून गावही सुरक्षित होत नव्हते.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. त्याच वर्षी महार वतनाच्या जोखडातून महारांना सोडवून त्यांच्या जमिनी रयताव्याने त्यांच्या नावे करण्याचा निर्णय झाला. हे दोन हुकूम शेजारी ठेवून वाचले की महाराजांचा विचार कळतो. नुसती हजेरी उठवून भागत नाही, माणसाला गावात ताठ मानेने राहायला जमीन लागते, काम लागते.

फासेपारध्यांची हकिगत कोल्हापुरात आजही जुनी माणसे रंगवून सांगतात. चोरीचा शिक्का बसलेल्या या भटक्या शिकाऱ्यांना महाराजांनी सोनतळीच्या कॅम्पावर आणले, त्यांना आसरा दिला आणि पहाऱ्याचे काम दिले. ज्यांच्यापासून रक्षण करायचे म्हणून इंग्रज सरकार कुंपणे घालत होते, त्यांनाच इथे रखवालीला बसवले गेले. सोलापुरात याच काळात या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी होती. सोनतळी आणि सोलापूर यांतले अंतर काही तासांचे. दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना सुरक्षितताच हवी होती. एकाने ती माणसावर विश्वास टाकून मिळवू पाहिली, दुसऱ्याने त्याला कोंडून.

मार्च १९२० मध्ये हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिथल्या भाषणात महाराजांनी हजेरीमाफीचा विषय आवर्जून काढला. त्या परिषदेचे वर्णन करताना दोन थोर पुरुषांच्या भेटीवर पाने खर्ची पडतात आणि हजेरीचा उल्लेख एका ओळीत उरकतो, याची खंत वाटते. फिरण्याचे स्वातंत्र्य हा मूलभूत हक्क आहे, असे संविधानाने म्हणायच्या तीस वर्षे आधी कोल्हापूरच्या गावकुसाबाहेर तो प्रत्यक्षात उतरत होता.

नीतीच्या बाबतीतही या राज्याची चाल पाहण्यासारखी आहे. १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला. विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय हिंदू विवाहांना वैधता देणारे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले, तेव्हा सनातन्यांनी धर्म बुडाल्याची ओरड केली. महाराजांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाचा कायदा करूनही टाकला. त्याच वर्षी घरातल्या बाईला क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा आला. १९२० मध्ये जोगतिणी आणि अनौरस संतती यांच्या हक्कांचा कायदा झाला. घरात चाललेली मारहाण हा खासगी मामला आहे आणि देवाला मुलगी वाहणे हा धर्माचा मामला आहे, असे मानणाऱ्या काळात हे घडले. जातीबाहेर लग्न करणाऱ्या प्रौढांच्या वाटेतून सरकार बाजूला झाले आणि मार खाणाऱ्या बाईच्या घरात मात्र शिरले. नीतीच्या नावाने कायदा करताना त्यात कुणाचे रक्षण होते, हे आधी पाहायचे, ही कसोटी इतक्या स्वच्छपणे फार थोड्या राज्यकर्त्यांनी लावली.

महाराष्ट्राने पुढे ती नेहमीच लावली असे नाही. २००५ मध्ये राज्याने डान्स बारवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुन्हा २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या अनेक अटी न्यायालयाने काढून टाकल्या. चौदा वर्षांच्या या वादात पोट गेले ते नाचणाऱ्या बायकांचे.

हक्क आणि सुरक्षितता यांचा हा तोल राधानगरीत रोज शिवारात दिसतो. दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झाले, १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटरवर गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. तोच कायदा कलम ११ मध्ये सांगतो की, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण रात्रीत उसाचा फड तुडवला गेला, तर शेतकऱ्याच्या हाती उरतो तो अर्ज आणि पंचनामा. जंगल सगळ्यांचे, नुकसान मात्र कडेला राहणाऱ्याचे, हे न्याय्य नाही. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळणे हा इथल्या शेतकऱ्याचा हक्क मानला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्याचा गर्दीच्या पाठलागानंतर झालेला मृत्यू पाहिला, तर गव्यासोबत राहणे राधानगरीकरांना शहरवाल्यांपेक्षा अधिक जमते, हेही मान्य करावे लागेल.

पुन्हा हजेरीकडे येऊ, कारण तिचा हिशेब अजून मिटलेला नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. त्याच्या जागी राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. कागदावर जातीचे नाव गेले, तरी ठाण्यातली नजर फारशी बदलली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकाला त्या नजरेचा दाह कळला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांमधला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले आणि सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांची आता गरज आहे का, याचा निर्णय घेण्याचे आवाहन राज्यांना केले.

महाराष्ट्राने या आवाहनाला उत्तर द्यावे. १९५९ चा कायदा विधिमंडळात चर्चेला यावा, त्याखाली आजवर कुणाची नावे चढली ते जमातीनिहाय जाहीर व्हावे, आणि ही मागणी पहिल्यांदा कोल्हापूरच्या आमदारांनी करावी.