आडवी बाटली यादीत अडते

परवा एका गावात बोंडअळीची बैठक होती. कामगंध सापळे वाटून झाले, पुरुष मंडळी चहाला उठली, तशी मागं बसलेली एक मावशी म्हणाली, ‘साहेब, कपाशीच्या अळीला औषध सांगता, घरात शिरलेल्या अळीचं काय?’

गावात दारूच्या दुकानावर मतदान झालं होतं. आडवी बाटली पुढं होती, तरी दुकान चालूच!

गोम अशी आहे. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे परवान्याचं दुकान बंद करायला 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे द्यायचा. सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. पण निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानातली नव्हे, यादीतल्या एकूण महिलांची. समजा यादीत 800 बाया आहेत. 600 आल्या, 380 आडवीला, 220 उभीला. आडवी 160 नं पुढं, तरीही हरली. 401 पाहिजे होत्या. म्हणजे मयत बाई आणि सासरी गेलेली लेकसुद्धा उभ्या बाटलीच्याच पारड्यात!

म्हणून अर्जाआधी यादीचं वाचन करा, नमुना 7 भरून जुनी नावं कमी करून घ्या. ऊसतोडीची गावं असतील तर टोळ्या परतल्यावरच मतदान मागा.

दुकान बंद झालं की काम संपत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. ही नाटकं नव्हेत; त्याला दवाखान्यात न्या. हातभट्टीकडे वळू देऊ नका. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. पिऊन दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली तर उतारा शोधत बसू नका, तडक सरकारी रुग्णालय गाठा.

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तरी 2016 ला ‘मुक्तिपथ’ सुरू करावं लागलं. त्यात गावोगावच्या समित्या, व्यसन सोडवणारे उपचार आणि दारूबरोबर तंबाखूही धरली. खर्रा खाणाऱ्या पोरांकडं आपलं लक्षच नसतं.

जाता जाता, कपाशी-तुरीत गांजाची चार झाडं लावणाऱ्यांनाही सांगतो, 1985 च्या कायद्यानं तो गंभीर गुन्हा आहे. आणि माहिती असून न कळवणारे सरपंच, पंचही त्यात अडकतात.

मावशींच्या गावात यादीचं वाचन सुरू झालंय. पहिल्याच पानावर दोन मयत निघाल्या.