मावशी उरो, हिशेबही उरो

‘माय मरो, मावशी उरो’ या म्हणीत आपल्या समाजाची एक जुनी व्यवस्था सामावलेली आहे. छत्र हरपलेले मूल काका, मामा किंवा आजी-आजोबांच्या घरी वाढते. त्यासाठी कोणी अर्ज करीत नाही आणि कोणी चौकशीलाही येत नाही. परक्या कुटुंबाने मूल सांभाळण्याची रीत मात्र कायद्याने घडविलेली आहे. या दोन मार्गांकडे व्यापाऱ्याच्या चोख नजरेने पाहणे अगत्याचे आहे.

आप्तांची जमेची बाजू भक्कम आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या १०२ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात असे आढळले, की नातेवाइकांकडे राहिलेल्या मुलांचे वर्तन आणि मानसिक स्वास्थ्य परक्या पालकांकडील मुलांपेक्षा सरस होते. घर बदलण्याची वेळही त्यांच्यावर कमी आली. ओळखीची माणसे, घरची भाषा, ताटातले परिचित अन्न आणि आई-वडिलांच्या आठवणी सांगणारे कोणीतरी, एवढा आधार दुःखी बालकाला फार मोठा असतो.

परक्या पालकांची जमेची बाजू निराळी. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार अशा कुटुंबाची निवड पारखून होते आणि बाल कल्याण समितीने दरमहा पाहणी करावी, असे बंधन आहे. तेथे मुलाच्या वतीने पाहणारा तिसरा डोळा असतो. आप्तांच्या घरी नेमका तोच नसतो.

व्यापारी कुटुंबात ही उणीव अधिक जाणवते. कारण मुलाचा सांभाळ करणारे काका पुष्कळदा दिवंगत भावाच्या पेढीतील भागीदारही असतात. माया खरी असली, तरी हितसंबंध दोन होतात. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ११ प्रमाणे, केवळ सांभाळ केला म्हणून कोणालाही अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही. बँकेत काकांच्या सहीवर पुतण्याची वारसाहक्काची ठेव मोडता येत नाही, ती याचमुळे. यात अविश्वास नसतो.

भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३० नुसार सर्व भागीदारांच्या संमतीने अज्ञान मुलाला पेढीच्या केवळ लाभात सामील करता येते. सज्ञान झाल्यावर, किंवा ही गोष्ट नंतर कळल्यास कळल्यापासून, सहा महिन्यांत त्याने जाहीर सूचनेने आपला निर्णय कळवावा लागतो. तो गप्प राहिल्यास पूर्ण भागीदार ठरतो आणि लाभात सामील झाल्या दिवसापासूनच्या देण्यांना व्यक्तिशः बांधला जातो. अठराव्या वर्षी हे त्याला कोण सांगणार?

म्हणून मूल आप्तांकडेच असावे. शिस्त मात्र परक्या घराची असावी. आई-वडिलांनी हयातीतच मृत्युपत्रात पालकाचे नाव लिहावे. तसे नसल्यास १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार न्यायालयाकडून पालकाची नेमणूक करून घ्यावी. मुलाचे खाते वेगळे ठेवावे आणि पेढीत ज्याचा वाटा नाही अशा वडीलधाऱ्याने, शक्यतो आजोळच्या, दर दिवाळीला त्याचा हिशेब तपासावा. त्याच वेळी मुलाला एकांतात बसवून तो सुखी आहे ना, हेही विचारावे.

मायेला हिशेबाने बाध येत नाही. उलट, मूल मोठे झाल्यावर चोपडी उघडून दाखविता आली, तर ते नाते पुढच्या पिढीतही निर्मळ राहते.