गरम पाणी आपल्याला गार करतं!

तान्ह्या बाळाची अंघोळ तुम्ही कधी जवळून पाहिली आहे का? आजी न्हाणीत पाटावर बसते, दोन्ही पाय लांब सोडते आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालते. तांब्यातलं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघते. कढत लागलं, की आतूनच ओरडते, "अगं, इसण घाल की थोडं!" मग पाण्याची धार, बाळाचं भोकाड, घाईघाईनं अंग पुसणं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळणं. ज्या लेकरानं आत्ता सगळी गल्ली डोक्यावर घेतली होती, ते थोड्याच वेळात गाढ झोपलेलं असतं!

मालिश झालेली असते, रडून दमलेलं असतं, पोटात दूध गेलेलं असतं, हे सगळं खरंच. पण ऊन पाण्याचाही त्यात वाटा असतो. आणि तो फक्त बाळांपुरता नसतो.

आता चितेगावला चला. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं, की बिडकीनच्या अलीकडे हे गाव येतं. इथे कपाशी-तुरीची रानंही आहेत आणि कारखानेही. म्हणजे कुणी दिवसभर रानात राबून येतं, तर कुणी सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री घरी पोचतं. अंग आंबलेलं, डोळे जड झालेले; तरी पाठ टेकल्यावर झोप काही येत नाही. अशा वेळी घरातलं जाणतं माणूस हमखास सांगतं, "आधी ऊन पाण्यानं अंघोळ कर, मग बघ कशी झोप लागती!" पाणी गीझरचं असो, नाहीतर पऱ्हाट्या जाळून चुलीवर तापवलेलं.

हे खरं आहे का? आणि खरं असेल, तर का?

तुम्ही म्हणाल, "सोप्पंय! अंगाला ऊब मिळते, म्हणून झोप येते." थांबा. मग भर उन्हाळ्यात, चाळीस अंशांच्या वर पारा गेला, की तर आपल्याला सर्वांत छान झोप यायला हवी! येते का? उलट रात्रभर आपण या कुशीवरून त्या कुशीवर होतो. म्हणजे नुसत्या उबेनं काम भागत नाही. गंमत पुढेच आहे. ऊन पाणी आपल्याला झोपवतं, कारण ते आपल्याला आतून गार करतं!

विश्वास बसत नाही ना? मग जरा मागे जाऊ. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात कार्ल वुंडरलिख नावाचे डॉक्टर होते. त्या काळचा थर्मामीटर चांगला फूटभर लांब असे आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावा लागे. तरीही या चिकाटीच्या माणसानं हजारो रुग्णांचं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं आणि १८६८ मध्ये त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. माणसाच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, हा आकडा त्यांच्यामुळे जगभर पोचला. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. निरोगी माणसाचं तापमानही दिवसभर एकसारखं राहत नाही. ते पहाटे सर्वांत कमी असतं, तर दुपारनंतर आणि संध्याकाळी सर्वांत जास्त.

हे चढउतार कोण ठरवतं? आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला खोलवर, सुमारे वीस हजार पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तेच आपल्या शरीराचं घड्याळ. रात्र झाली, की हे घड्याळ शरीराला सांगतं, "चला, आता तापमान उतरवा." मग शरीराच्या आतलं तापमान हळूहळू खाली येऊ लागतं. फरक असतो जेमतेम एखाद्या अंशाचा. पण झोपेला तेवढी खूण पुरते.

आता प्रश्न असा, की आतली उष्णता बाहेर टाकायची कुठून?

चहा फार गरम असला, की आजोबा काय करतात? बशीत ओततात. पसरट बशीत चहा पातळ पसरतो, त्याला भरपूर हवा लागते आणि तो चटकन निवतो. आपले तळहात आणि तळपाय या आपल्या शरीराच्या बश्याच आहेत. तिथे रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या खास बारीक रक्तवाहिन्या असतात. त्या उघडल्या, की आतलं गरम रक्त भराभर कातडीजवळ येतं आणि उष्णता हवेला देऊन गार होऊन परत जातं. नाक, ओठ आणि कानांतही अशा रक्तवाहिन्या असतात. हत्ती आपले सुपाएवढे कान हलवतो ना, तोही असाच अंगातली उष्णता बाहेर टाकत असतो.

झोपेची वेळ झाली, की या रक्तवाहिन्या आपोआप रुंदावतात. पेंगुळलेल्या धाकट्या भावाचे तळवे हातात घेऊन बघा. गरमगरम लागतील. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात कुर्त क्रॉइखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. झोप लवकर लागणार की उशिरा, हे कशावरून ओळखावं? त्यांनी बऱ्याच गोष्टी मोजून पाहिल्या. सर्वांत चांगला अंदाज आला तो हातापायांतल्या रक्तवाहिन्या किती उघडल्या आहेत यावरून. पाय उबदार, तर झोप लवकर! १९९९ मध्ये हे संशोधन 'नेचर' या नामांकित विज्ञानपत्रिकेत छापून आलं. थंडीत पाय बर्फासारखे गार पडले, की झोप का येत नाही, हेही आता कळलं ना? गार पायांतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, आतली उष्णता आतच कोंडून राहते.

आता ऊन पाण्याचं गुपित तुम्हीच सांगाल. पाणी अंगावर पडतं, कातडी तापते, हातापायांतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि रक्त धावत कातडीकडे येतं. म्हणून तर अंघोळीनंतर तळहात गुलाबी दिसतात. मग आपण न्हाणीतून बाहेर येतो. आता अंगावर ऊन पाणी नाही, पण रक्तवाहिन्या अजून उघड्याच आहेत. आतली उष्णता भसाभसा बाहेर पडू लागते. अंगावरचं उरलंसुरलं पाणी वाळताना आणखी थोडी उष्णता घेऊन जातं. रात्री शरीराला जे काम हळूहळू करायचं होतं, ते लवकर उरकतं.

याचा फायदा किती होतो, तेही मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या टेक्सास विद्यापीठात शहाब हगायेघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे जुने अभ्यास शोधून काढले. ५,३२२ निबंध चाळले, त्यातले नीट निकषांत बसणारे उरले फक्त १७! २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितला. ४० ते ४२.५ अंश तापमानाच्या पाण्यानं, झोपण्याच्या एक ते दोन तास आधी अंघोळ केली, तर झोप चांगली लागते. त्यासाठी दहा मिनिटंही पुरतात. आणि योग्य वेळ साधली, तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते.

झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, हे विसरू नका. अंघोळ करून लगेच अंथरुणात शिरलात, तर शरीर अजून तापलेलंच असतं. त्याला निवायला वेळ द्यायला हवा. म्हणून सेकंड शिफ्टहून आलेल्या बाबांनी आधी जेवून मग अंघोळ करण्यापेक्षा, आधी अंघोळ करून मग निवांत जेवावं आणि घटकाभर गप्पा मारून झोपावं, हे बरं.

आणि उन्हाळ्यात काय? तेव्हा कोमट पाणी घ्या. एकदम थंडगार पाण्यानं क्षणभर बरं वाटतं, पण त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि बश्या झाकल्या जातात.

पाण्याची टंचाई असेल, तर? मराठवाड्यात हा प्रश्न पडणारच. मग पूर्ण अंघोळ नको, घमेल्यात तांब्या-दोन तांबे ऊन पाणी घेऊन नुसते पाय बुडवून बसा. टेक्सासच्या संशोधकांनी गोळा केलेल्या अभ्यासांत नुसते पाय शेकण्याचे प्रयोगही होते. "पाय धू अन् मगच आंथरुणात जा" असं आजी दटावते, ते फक्त धुळीसाठी नसतं तर! शिवाय तेच पाणी नंतर परसातल्या तुळशीला किंवा कढीपत्त्याला घालता येतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बादलीत नेहमी आधी गार पाणी घ्यायचं आणि मग वरून गरम ओतायचं. चुलीवरचा हंडा किंवा गीझरचा नळ मोठ्यांच्या हाती राहू द्या. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांतच कातडी भाजू शकतं आणि मुलांची कातडी तर आणखी नाजूक असते.

आता तुमचा गृहपाठ. एका वहीत दोन रकाने आखा. आठवडाभर ऊन पाण्यानं पाय धुऊन झोपा, पुढचा आठवडाभर न धुता. अंथरुणावर पडलात तेव्हा किती वाजले होते आणि झोप लवकर लागली की उशिरा, ते सकाळी उठल्या उठल्या लिहा. घड्याळाकडे बघत जागं राहायचं नाही हं! जमलं तर घरातल्या थर्मामीटरनं संध्याकाळी आणि पहाटे स्वतःचं तापमानही मोजा. वुंडरलिख यांना पंधरा-वीस मिनिटं लागत होती, तुम्हाला एकच मिनिट लागेल. दोन आठवड्यांनी वही वर्गात घेऊन जा आणि तुमच्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना दाखवा.